302 चा लाईट कोणी लावला?

शुक्रवार, पहाटे 3:42

पौर्णिमा 301: कोणी जागं आहे का? 302 मध्ये लाईट सुरू आहे. बाहेरून कुलूप नाही. आत कोणीतरी फिरून राहिलं!!

पौर्णिमा 301: आमचे हे टूरवर आहेत. घरी मी आणि मुलंच

प्रशांत 203: वहिनी दार उघडू नका. बॅट घेऊन येतो

नितीन 303: वॉचमन फोन उचलत नाही. 3 वेळा केला. मेन्टेनन्स कशाचा देतो आपण?

समीर 302: नमस्कार, मीच आहे. पौर्णिमा वहिनी, सॉरी. बॅग ओढताना आवाज झाला.

प्रशांत 203: समीर?? तू तर जर्मनीत नं बे

समीर 302: परवापर्यंत होतो. बुटीबोरीच्या एका प्लँटवर आमचं मशीन बसवायचं आहे. येणारा माणूस दुसरा होता, त्याची कंबर धरली. साहेब म्हणाले, नागपूर तुझंच गाव नं, तूच जा. मंगळवारी संध्याकाळी तिकीट हातात. फ्रँकफर्ट, दोहा, सोनेगाव विमानतळ.

समीर 302: हॉटेल वर्धा रोडलाच दिलंय. पण टॅक्सीवाल्यानं कुठे जायचं विचारलं आणि तोंडातून घरचाच पत्ता निघाला.

सुधाकर काका 202: आलास का. बरं झालं. फोटो पुन्हा टाकतो.

सुधाकर काका 202: (फोटो)

सुधाकर काका 202: लिकेजचं काय?

प्रशांत 203: काका, पहाटेचे चार वाजून राहिले

सुधाकर काका 202: पाणी घड्याळ पाहून गळत नाही.

सकाळी 5:55

कुंदा काकू 104: समीर तुझ्या आईला आत्ताच फोन केला. म्हटलं पोरगा आला आणि तू बोलली नाहीस. तिला माहीतच नाही! काय रे हे

समीर 302: काकू 😐 मी उद्या अमरावतीला जाणारच होतो. एप्रिलमध्ये येतो म्हणून सांगितलं आणि कंपनीनं आदल्या दिवशी रद्द केलं. आई पंधरा दिवस ताईशी धड बोलली नव्हती. म्हणून या वेळी पोचल्यावरच सांगणार होतो.

कुंदा काकू 104: म्हणजे माझंच चुकलं

समीर 302: तसं नाही म्हटलं मी.

कुंदा काकू 104: ठीक आहे. मी काही बोलत नाही आता

कुंदा काकू 104: पण पोळ्याच्या सणाला आईला न सांगता येतं का कोणी

कुंदा काकू 104: पाय दुखत असून ती सातच्या एसटीनं निघून राहिली. ताईचं ऐकलं नाही

समीर 302: अहो पण मी 8 ला बुटीबोरीला निघतो! घरी कोणीच नाही.

कुंदा काकू 104: किल्ली आहे माझ्याकडे. दोन वर्षं सांभाळून राहिले, आणखी एक दिवस

विलास सचिव 401: श्री. समीर यांचे स्वागत. आपण प्रत्यक्ष आला आहात तर थकबाकीचा विषय मार्गी लावावा. नॉन ऑक्युपन्सी चार्जेस दोन वर्षांचे बाकी आहेत.

समीर 302: विलासभाऊ, मेन्टेनन्स दर महिन्याला खात्यातून जातो. नॉन ऑक्युपन्सी घर भाड्याने दिलं तर लागते. माझ्या घराला कुलूप आहे, भाडेकरू नाही. आणि लागली तरी सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांवर घेता येत नाही, 2001 चा शासन आदेश आहे. तुम्ही 25 लावले.

विलास सचिव 401: सर्वसाधारण सभेत ठरले आहे. आपण उपस्थित नव्हता.

प्रशांत 203: सभेला उपस्थित 6 जण होते, त्यातले 2 समोशासाठी 😄

विलास सचिव 401: प्रशांतजी, मर्यादा पाळावी.

समीर 302: बरं, खाली माझ्या पार्किंगमध्ये पांढरी गाडी कोणाची आहे?

प्रशांत 203: सगळ्यांना माहीत आहे, सांगणार कोणी नाही

नितीन 303: माझी आहे. त्यात काय. जागा रिकामी ठेवून पूजा करायची का? तुमच्या कुंड्यांना पाणी आमचीच बायको घालते, तेव्हा कोणी विचारत नाही

समीर 302: नितीन, राहू दे गाडी. मी टॅक्सीनं जातो. फक्त आई येईल तेव्हा ऑटो आत येऊ दे.

नितीन 303: मग तसं सांगा नं जी. काढतो

सुधाकर काका 202: (फोटो)

सुधाकर काका 202: हा मागच्या पावसाळ्यातला. वरचा यंदाचा. ओल कुठवर गेली ते पहा. उपविधीत स्वच्छ लिहिलं आहे, संडास-बाथरूमची आतली गळती ज्याची त्यानं स्वखर्चानं दुरुस्त करायची. लिकेजचं काय?

प्रशांत 203: काका, उद्या मारबतीची मिरवणूक आहे. लिकेजचा पुतळा करू या, बडग्या. घेऊन जा गे मारबत!

सुधाकर काका 202: तुझ्या डोक्यावर पाणी पडलं की मग हस.

पौर्णिमा 301: मुलांना मारबत दाखवायची आहे पण इतवारीत गर्दी किती असते

प्रशांत 203: वहिनी सकाळी लवकर निघा. आमच्या आजोबांचं दुकान महालात होतं, वरच्या खिडकीतून दिसायची. पिवळी मारबत 1885 पासून निघते. पूर्ण जर्मनीत अशी जुनी मिरवणूक आहे का समीर?

समीर 302: आहेत रे, पण शिव्या देत कोणी मिरवणूक काढत नाही. ते मिस करतो. आमच्या साहेबांना सांगितलं, उद्या तान्हा पोळा, अर्धे कामगार येणार नाहीत. ते विचारतात हा कोणता सण. म्हटलं लहान मुलं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात. फोनवर एक मिनिट शांतता.

विलास सचिव 401: कृपया ग्रुप सोसायटीच्या कामापुरताच वापरावा.

कुंदा काकू 104: समीर परत जाताना माझ्या सोनूसाठी किलोभर संत्रा बर्फी आणि घरचं तूप नेशील का. म्युनिकला असते, तुला माहीत आहे

समीर 302: काकू, दुधाचं काहीच नेता येत नाही. खवा, तूप, पनीर, सगळ्याला युरोपियन युनियनमध्ये बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात. कुरड्या द्या, तिखट द्या, लगेच नेतो.

कुंदा काकू 104: मागच्या वर्षी 402 च्या सुनेनं नेली होती बर्फी

समीर 302: पकडली गेली नाही एवढंच.

कुंदा काकू 104: राहू दे

कुंदा काकू 104: हा मेसेज डिलीट केला गेला

प्रशांत 203: काकू काय लिहिलं होतं? आम्ही वाचायच्या आतच 😭

सकाळी 11:20

कुंदा काकू 104: आई आली. ऑटो आत आला. किल्ली दिली. डबाभर पुरण घेऊन आली आहे अमरावतीहून, पोळ्या इथेच लाटते म्हणते. पाठ टेक म्हटलं तर ऐकत नाही

कुंदा काकू 104: समीर फोन उचल

नितीन 303: प्लँटवर मोबाईल बाहेर ठेवून घेतात काकू

सुधाकर काका 202: वर कोणीतरी बाथरूम वापरून राहिलं. माझ्या छतातून थेंब सुरू. मी वर जाऊन दाखवतोच आता.

दुपारी 1:45

प्रशांत 203: काका वर गेले त्याला दोन तास झाले. कोणी पाहिलं का?

पौर्णिमा 301: आवाज येऊन राहिलाय. भांडणाचा नाही

दुपारी 4:10

समीर 302: आत्ता फोन हातात आला. आईचे 14 मिस्ड कॉल. मशीन सुरू झालं, एक सेन्सर सोडून. निघतोय. काका, प्लंबरला सहा वाजता बोलावलंय. बाथरूमच्या फरशीतला नहाणी ट्रॅप गेला असेल तर फरशी फोडून बदलू, खर्च माझा. हॉटेल सोडून दिलं, मंगळवारपर्यंत घरीच आहे.

कुंदा काकू 104: आई विचारते दूध किती घ्यायचं. आणि कुरड्या मी बांधून ठेवल्या आहेत

सुधाकर काका 202: पुरणपोळी छान होती.

सुधाकर काका 202: (फोटो)

सुधाकर काका 202: प्लंबर सहाला म्हणजे सहालाच ना?