मदत हवी आहे: 'हॅरी पॉटर'च्या सिनेमात तो आरशाचा तुकडा हॅरीकडे आला कुठून?

रातकिडा
जरा लवकर सांगा. हॅरी जो आरशाचा तुकडा जवळ बाळगून असतो, ज्यात मध्येच निळा डोळा दिसतो, तो त्याला कधी मिळाला? आम्ही आधीचे सगळे भाग क्रमाने बघितलेत, एकही सोडलेला नाही. कुठेच दाखवलेलं नाही. आमच्याकडची प्रत कापलेली आहे का? भाची अडून बसली आहे आणि उद्या पुढचा भाग बघायचा आहे. कृपा करून 'पुस्तक वाचा' असं सांगू नका.

आडवाटेने
कुठल्या भागाबद्दल बोलताय? 'पुढचा' म्हणजे कितवा? आणि टीव्हीवर बघितलात की दुसरीकडे? टीव्हीवर बरंच कापतात.

गोमेद
सोपं आहे. पहिल्या भागात हॅरीला ज्या मोठ्या आरशात आईवडील दिसतात ना, त्याचाच तुकडा. शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर याने तो आरसा हलवला होता, नंतर फुटला असणार आणि एक तुकडा हॅरीने आठवण म्हणून ठेवला. म्हणून तर त्यात डंबलडोरचा डोळा दिसतो.

पिंपळपान
गोमेद, नाही. तो आरसा मनातली सगळ्यात खोल इच्छा दाखवतो, पलीकडचा माणूस दाखवत नाही. तो फुटल्याचं ना पुस्तकात आहे ना सिनेमात.

रातकिडा, तुम्ही 'डेथली हॅलोज'च्या पहिल्या भागाबद्दल विचारताय असं धरून लिहिते. उत्तर पाचव्या पुस्तकात आहे. नाताळची सुट्टी संपवून हॅरी शाळेत परत निघतो तेव्हा लपून राहिलेला त्याचा धर्मपिता सिरियस त्याला एक पुडकं देतो. त्यात छोटा चौकोनी आरसा असतो. तसाच दुसरा सिरियसकडे. एकाने आरशात बघून दुसऱ्याचं नाव घेतलं की त्याचा चेहरा दिसतो आणि बोलता येतं. सिरियस आणि हॅरीचे वडील जेम्स यांना शाळेत वेगवेगळ्या खोल्यांत शिक्षा व्हायची तेव्हा ते यातूनच गप्पा मारायचे. हॅरी ते पुडकं उघडतसुद्धा नाही. आपल्यामुळे सिरियस सुरक्षित जागेतून बाहेर पडायला नको, म्हणून ट्रंकेत टाकून देतो. सिरियस गेल्यावर त्याला ते सापडतं, तो हाक मारतो, काहीच होत नाही. मग रागाने आरसा ट्रंकेत फेकतो आणि तो फुटतो. सातव्या पुस्तकाच्या सुरुवातीला ट्रंक उपसताना त्याच काचेने त्याचं बोट कापतं.

पाचव्या सिनेमात यातलं काहीच नाही. तुमची प्रत कापलेली नाही.

आणि डोळा डंबलडोरचा नाही, त्याच्या भावाचा, अ‍ॅबरफोर्थचा आहे. सिरियसचा आरसा मंडंगस फ्लेचरने घरातून चोरला आणि अ‍ॅबरफोर्थला विकला. हॅरीला सोडवायला आलेल्या डॉबी या एल्फला त्यानेच पाठवलं.

रातकिडा
अहो, आम्ही शेवटचा भाग अजून बघितलेला नाही! मीसुद्धा नाही. तुकडा कुठून आला एवढंच विचारलं होतं, डोळा कुणाचा ते नव्हतं विचारलं.

आडवाटेने
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. 'उद्या पुढचा बघायचा आहे' यावरून तुम्ही स्वतः पहिल्यांदा बघताय हे कुणाला कसं कळणार?

पिंपळपान
तो सिनेमा २०११ चा आहे आणि पुस्तक २००७ चं. इतक्या वर्षांनी मंचावर विचारलं की पूर्ण उत्तर मिळणारच. अर्धवट उत्तर दिलं असतं तर पुढच्या प्रतिसादात कुणीतरी उरलेलं लिहिलंच असतं.

खडूफळा
पिंपळपान, पुस्तकातली हकिगत बिनचूक सांगितलीत, पण तिने सिनेमातला प्रश्न सुटत नाही. रातकिडा यांनी सिनेमा बघितलाय. सिनेमाचं उत्तर सिनेमातच मिळायला हवं. पाचव्या भागात आरसा नाही, सहाव्यात नाही, आणि सातव्यात तो एकदम हॅरीच्या हातात. ही चूक आहे आणि ती चूकच म्हणायला हवी. 'पुस्तकात आहे की' म्हणून ती झाकता येत नाही.

ती का झाली तेही तारखांवरून कळतं. पाचवा सिनेमा जुलै २००७ च्या दुसऱ्या आठवड्यात लागला. सातवं पुस्तक आलं २१ जुलै २००७ ला. म्हणजे पाचव्याची पटकथा लिहिली जात होती तेव्हा हा आरसा पुढे हॅरीचा जीव वाचवणार आहे हे छापून कुठेच आलेलं नव्हतं. पाचवं पुस्तक इंग्लंडच्या आवृत्तीत ७६६ पानांचं, सगळ्या मालिकेत मोठं. सिनेमा १३८ मिनिटांचा, तोवरच्या पाचांत सगळ्यात छोटा. जी वस्तू हॅरी वापरतच नाही ती सगळ्यात आधी कापली जाणार. पटकथाकारही त्या एकाच भागाला वेगळा होता, मायकल गोल्डनबर्ग. बाकीचे सगळे भाग स्टीव्ह क्लोव्हजचे.

पिंपळपान
पण लेखिका रोलिंग यांना माहीत होतं ना? त्याच पाचव्या सिनेमातून सिरियसच्या घरच्या क्रीचर या एल्फला काढायचं चाललं होतं, तेव्हा त्यांनी 'मी तुमच्या जागी असते तर हे केलं नसतं' अशा अर्थाचं सांगितलं आणि क्रीचर राहिला. ही गोष्ट प्रसिद्ध आहे. क्रीचरसाठी सांगितलं तर आरशासाठीही सांगता आलं असतं.

खडूफळा
क्रीचरशिवाय सातव्यातलं लॉकेट कुठे गेलं हे शोधणंच शक्य झालं नसतं. आरशाला पर्याय होता. डॉबी स्वतःहून आला असं दाखवता आलं असतं, तो दुसऱ्या भागात आलाच होता की स्वतःहून. माझी तक्रार पाचव्यावर नाहीच. ज्यांनी सातवा केला त्यांच्या हातात सगळी पुस्तकं होती. हॅरीच्या तोंडी एक वाक्य घातलं असतं, 'सिरियसने दिला होता', तर दहा सेकंदांत काम झालं असतं. सिनेमा १४६ मिनिटांचा आहे. दहा सेकंद सापडली नाहीत?

मुक्तछंद
मला वाटतं पाचव्यातून आरसा काढला ते फार बरं केलं. पडद्यावर सिरियसने आरसा देताना दाखवला असता, तर सिरियसला वाचवायला जादूच्या मंत्रालयात धावत सुटलेल्या हॅरीकडे बघून प्रत्येक प्रेक्षक 'अरे आरसा वापर!' म्हणत बसला असता. पुस्तकात पानं भरपूर असतात, त्यामुळे वाचक विसरतो आणि शेवटी हॅरीसारखाच हादरतो. सिनेमात दोन तासांपूर्वीची वस्तू कुणी विसरत नाही.

माझा आक्षेप डोळ्यावर आहे. पुस्तकात हॅरीचे डोळे हिरवे आहेत. त्याला काचेत लखकन निळं काहीतरी दिसतं, तो वळून खोलीतल्या भिंतीकडे बघतो, तिथे निळं काहीच नाही, आणि पुन्हा काचेत बघतो तर स्वतःचा हिरवा डोळा. म्हणजे पलीकडे दुसरं कुणीतरी आहे हे रंगावरूनच ठरतं. सिनेमात डॅनियल रॅडक्लिफचे डोळे निळेच. मग काचेत निळा डोळा दिसला तर तो त्याचा स्वतःचाच नाही कशावरून? नवख्या प्रेक्षकाला हा संकेत मिळणारच नाही. तुकडा कुठून आला हे न सांगण्यापेक्षा हे मला जास्त मोठं वाटतं.

चकोर
+१. आणि त्याला हिरव्या लेन्स लावून बघितल्या होत्या, डोळ्यांना सोसल्या नाहीत म्हणून सोडून दिल्या. ते मी समजू शकतो. पण सगळे जण हॅरीला सांगतात, तुझे डोळे आईसारखे. मग शेवटच्या भागात लहानपणीच्या लिलीचे डोळे तपकिरी कसे? ती मुलगी निवडताना एवढंसुद्धा बघायचं नाही?

आणि तिसऱ्या भागात तो नकाशा कुणी बनवला तेही सांगत नाहीत. चार टोपणनावं नकाशावर येतात, लुपिन सर तो नकाशा बघताक्षणी ओळखतात, आणि 'तुम्हाला कसं माहीत?' असं हॅरी विचारतच नाही. जेम्स हरणाचं रूप घ्यायचा हेही गाळलं, त्यामुळे हॅरीचा पॅट्रोनस, म्हणजे मंत्रातून येणारा रक्षक प्राणी, हरीण का, ते कळत नाही. आरशापेक्षा हे शंभर पटीने मोठं आहे.

आडवाटेने
चकोर, विषयांतर होतंय. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येईन तिथे.

सांजवारा
पुस्तकं सात आहेत आणि सिनेमे आठ, त्यामुळे क्रमात गोंधळ होतो. शेवटच्या पुस्तकाचे दोन सिनेमे केलेत, पहिला नोव्हेंबर २०१० चा आणि दुसरा जुलै २०११ चा. ते लागोपाठ बघावेत, मध्ये फार दिवस जाऊ देऊ नयेत. लहान मुलांसोबत बघत असाल तर पहिला भाग दिवसा बघा, त्यातला म्हातारीच्या घरातला सापाचा प्रसंग भीतिदायक आहे.

रातकिडा
पहिला बघून झालाय, सांजवारा. क्रमही बरोबर आहे.

भाचीचं म्हणणं आता नीट सांगतो, म्हणजे गैरसमज नकोत. ती दहा वर्षांची आहे. तिच्या मते डंबलडोर मेलेला नाही, तो लपून आरशातून हॅरीवर लक्ष ठेवतोय, आणि तुकडा त्यानेच गुपचूप हॅरीच्या सामानात ठेवला. तळघरात हॅरी आरशात बघून मदत मागतो आणि डॉबी येतो, हा तिचा पुरावा. तिने वहीत आकृती काढून ठेवली आहे. मला तिचा शोध मोडायचा नाही, पण 'कुठून आला' याला खोटं उत्तरही द्यायचं नाही.

खडूफळा
मग तिचा पुरावा पक्का आहे. शेवटी थडग्यात डंबलडोरचा मृतदेह दिसतो ते सोडलं, तर सिनेमाने जेवढं दाखवलंय तेवढ्यावरून तिने काढलेला निष्कर्ष कुठेही चुकत नाही. सातव्या भागापर्यंतच्या सिनेमांत याच्याविरुद्ध जाणारी दुसरी एकही गोष्ट मला दाखवा.

गोमेद
हेच मी म्हणत होतो, डंबलडोरचाच संबंध आहे. पुस्तकात काहीही असो, सिनेमात आरसा म्हटलं की पहिल्या भागातलाच आठवतो. दिग्दर्शकाला ते माहीत असणार.

पिंपळपान
गोमेद, माझं आधीचंच मत कायम आहे. दोन आरशांचं काम वेगवेगळं आहे.

रातकिडा, आता उपाय सांगते. तिच्या प्रश्नाचे दोन भाग करा. तुकडा कुठून आला, हा मागचा भाग. तो पूर्ण सांगा: सिरियसकडे आरशांची जोडी होती, एक त्याने हॅरीला दिला, हॅरीने रागाने फोडला, हा त्याचा तुकडा. पाचव्या सिनेमात ते दाखवायचं राहिलं. यात पुढचं काहीच फुटत नाही, कारण सिरियस गेला हे तिने बघितलंच आहे. दुसरा भाग, जोडीतला दुसरा आरसा आता कुणाकडे आहे. त्यावर 'उद्या कळेल' म्हणा. ते शेवटच्या सिनेमात सुरुवातीच्या पाऊण तासात नीट सांगितलंय, मंडंगसचं नावही येतं. तिची आकृती अजून मोडत नाही, कारण डंबलडोरने सिरियसचा आरसा घेतला असं ती म्हणू शकते.

मुक्तछंद
सहमत. उलट जोडी आहे हे कळल्यावर तिला शोधायला जास्त मजा येईल. आत्ता ती आरसा ठेवणारा शोधते आहे, मग दुसरा आरसा शोधेल.

खडूफळा
हे मान्य. पण तिला हेही सांगा की हे पुस्तकातून सांगतोय, सिनेमात नाही. नाहीतर ती पाचवा भाग परत लावून आरसा शोधत बसेल.

रातकिडा
सांगितलं. 'सिनेमात राहून गेलं' हे तिला अजिबात आवडलं नाही, पण जोडी पटली. दुसरा आरसा डंबलडोरकडेच आहे असं वहीत लिहिलंय.

आता नवीन प्रश्न. फुटलेला आरसा चालतो कसा? दुसऱ्या भागात रॉनची कांडी तुटते तर सगळे मंत्र उलटे होतात. सहाव्यात ते गायब होणारं कपाट बिघडलेलं असतं, ड्रॅको वर्षभर दुरुस्त करत बसतो. मग आरसा फुटून एवढासा तुकडा उरला तरी पलीकडचा डोळा नीट दिसतो? हे पुस्तकात आहे का?

पिंपळपान
नाही. पुस्तकातही तो नुसता चालतो. कारण दिलेलं नाही.

मुक्तछंद
कपाटातून अख्खा माणूस पलीकडे न्यायचा असतो, कांडीतून मंत्र बाहेर काढायचा असतो. आरशाला फक्त दाखवायचं असतं, आणि आरशाचा तुकडा हाही पूर्ण आरसाच असतो, फक्त लहान. म्हणून चेहऱ्याऐवजी नुसता डोळा दिसतो. हे माझं मत आहे, कुठे लिहिलेलं नाही.

खडूफळा
हे मत सिनेमात जे दिसतं त्याला धरून आहे, म्हणून मला चालेल.

चकोर
नकाशाचा वेगळा धागा काढला आहे. लिलीच्या डोळ्यांचंही तिथेच लिहितोय, या.

रातकिडा
मुक्तछंद यांचं तिला वाचून दाखवलं. विचारते आहे, हॅरीने आरसा फोडला तेव्हा बाकीचे तुकडे कुठे गेले, आणि ते दुसऱ्या कुणाला सापडले तर त्यालाही दिसेल का? पिंपळपान, ट्रंकेत आणखी किती काचा होत्या?