स्ट्रोकनंतर बाबा घरी आलेत, पण चालणं-सिगरेट-मीठ यावरून रोज वाद. कसं करता तुम्ही लोक?

मुग्धा२२

बाबा ६४ वर्षांचे आहेत. गुठळीचा स्ट्रोक होता, डावी बाजू गेली होती, आता बरीच परत आलीये, काठी घेऊन घरात चालतात, बोलणं पण ठीक आहे. डिस्चार्जच्या कागदावर सगळं लिहून दिलंय, मीठ कमी, रोज चालणं, सिगरेट बंद, गोळ्या वेळेवर. पण घरी हे करून कसं घ्यायचं ते कुणी सांगत नाही ना. सकाळी जे टीव्हीसमोर बसतात ते जेवायलाच उठतात. चला म्हटलं की "मला काय धाड भरलीये, उगाच मागे लागू नका". सिगरेट बंद म्हणतात पण बाथरूममध्ये वास येतो. आणि आईचं दुसरंच टोक, ती त्यांना काही करूच देत नाही, शर्टाची बटणं पण तीच लावते, वर चालत नाहीत म्हणून तीच रडते. बाबा आधीपासून हट्टी आहेतच पण आता म्हणजे कहर झालाय. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी प्लीज सांगा, नेमकी सुरुवात कुठून करायची?

फिजिओताई

मी फिजिओ आहे, न्यूरोचेच पेशंट जास्त बघते. आधी एक विचारते. डावी बाजू गेली म्हणजे मार मेंदूच्या उजव्या भागाला बसलाय, आणि त्या भागाला लागलं की काहींना आपल्याला काही झालंय हेच खरोखर कळत नाही. "मला काय धाड भरलीये" हा दर वेळी हट्ट नसतो, ते आजाराचं लक्षण पण असू शकतं. दोन-चार दिवस नुसतं बघ, काही बोलू नकोस: ताटातलं डावीकडचं तसंच राहतं का, दाढी करताना डावा गाल सुटतो का, दारातून जाताना डावा खांदा चौकटीला लागतो का. असं असेल तर त्यांच्याशी वाद घालून काही उपयोग नाही गं, न्यूरोलॉजिस्टला सांग.

दुसरं, स्ट्रोकनंतरचा थकवा. बाहेरून दिसत नाही म्हणून घरच्यांना तो आळस वाटतो. आणि जवळजवळ तीनातल्या एका पेशंटला डिप्रेशन येतं, माणूस रडतोच असं नाही, नुसता बसून राहतो, कशातच रस नसतो. यावर उपचार आहेत पण आपण सांगितलं तर डॉक्टर विचारणार, कारण ओपीडीत सगळे बीपी बघण्यात असतात.

चालण्याचं म्हणशील तर "रोज अर्धा तास फिरायला चला" हे डोक्यातून काढ. अमेरिकेच्या हार्ट असोसिएशनच्या २०२१ च्या गाइडलाइनमध्ये ज्यांना जमतं त्यांनी जरा दम लागेल असं किमान १० मिनिटं, आठवड्यातून ४ वेळा, एवढंच लिहिलंय. आणि सलग बसून राहणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने ३ मिनिटं उठायचं. टीव्ही बघू दे की, जाहिराती लागल्या की उठून उभं राहायचं, खुर्चीची पाठ धरून पाय जागच्या जागी उचलायचे. सुरुवातीला कुणीतरी बाजूला हवंच, पडले तर सगळंच अवघड होऊन बसेल.

आणि आईला सांग बटणं त्यांना लावू दे. वेळ लागेल, लागू दे. शर्ट घालताना आधी डावा हात, काढताना डावा शेवटी. फक्त त्यांना उठवताना डावा हात धरून ओढायचं नाही कधीच, खांदा निखळायला आलेला असतो, एकदा दुखायला लागला की महिनोन्‌महिने दुखतो.

डावखुरा_झालोय

मी स्वतः पेशंट आहे, माझी उजवी बाजू गेलेली, त्यामुळे हे डाव्या हाताने टाइप करतोय, चुका झाल्या तर समजून घ्या. घरातले चार लोक चार बाजूंनी सूचना द्यायला लागले की माणूस मुद्दाम उलट वागतो, हे अनुभवाने सांगतो. माझ्यात फरक पडला तो बीपीची वही माझ्याकडे आल्यावर. मशीन माझं, वही माझी, आकडा मीच लिहिणार आणि डॉक्टरांना मीच दाखवणार. बायकोने फक्त पट्टा बांधायचा. एकदा आकडे स्वतः लिहायला लागलं की जास्त मिठाचं खाल्लं, झोप झाली नाही, गोळी चुकली, हे हळूहळू आपलं आपल्यालाच दिसायला लागतं.

मोजायची पद्धत मात्र नीट पाहिजे. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या लेव्हलला टेबलावर, बोलायचं नाही. अर्धा तास आधी सिगरेट-कॉफी नाही. चांगल्या हाताला मोजायचं, कमजोर हात कडक झाला असेल तर आकडा फसवा येतो. एक-एक मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्यायचं, सकाळी आणि संध्याकाळी. बहुतेकांना १३०/८० च्या खाली ठेवा सांगतात पण तुमच्या बाबांचं टार्गेट त्यांच्याच डॉक्टरांना विचारा.

सिगरेटचं, चोरून ओढतात म्हणजे सोडायची इच्छा आहे पण जमत नाहीये असं मला वाटतं. वासावरून पकडू नका, नुसती लाज वाटते आणि लाज वाटली की अजून एक ओढावीशी वाटते. निकोटिनचा गम किंवा पॅच चालेल का ते डॉक्टरांना विचारा. आणि घरात दुसरं कुणी ओढत असेल तर आधी त्याचं बंद करा, नाहीतर बाबांना बोलायला तोंड नाही.

संजू_भाऊ

आमच्या काकांचं बीपी नॉर्मल आलं तसं त्यांनी गोळ्या हळूहळू बंद केल्या, काही झालं नाही. औषधांची सवय लागते उगाच. लो सोडियमवालं मीठ आणा, काम होतं.

शून्य_मीठ

@संजू_भाऊ राग मानू नका पण हे असलं इथे लिहू नका. बीपी नॉर्मल आहे ते गोळीमुळेच आहे. आणि रक्त पातळ करणारी गोळी तर दात काढायचा असला तरी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, दोन्ही डॉक्टरांना विचारूनच. दर चार स्ट्रोकमधला साधारण एक आधी झालेल्याच माणसाला परत आलेला असतो.

मिठाचं मात्र तुम्ही अर्धं बरोबर बोललात. चीनमध्ये ६०० गावांत मोठी ट्रायल झाली होती, २०२१ ला रिझल्ट आला, स्ट्रोक झालेले किंवा साठीच्या पुढचे बीपीवाले लोक होते, मिठात पाव भाग पोटॅशियम क्लोराइड घातलेलं. स्ट्रोकचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आलं. पण ज्यांची किडनी कमजोर आहे किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू आहेत त्यांना तेच पोटॅशियम त्रास देऊ शकतं, त्यामुळे विचारल्याशिवाय आणू नका. साधं मीठ दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. पाकिटातल्या वस्तूंतलं पण त्यातच धरायचं, खरं मीठ तिथेच लपलेलं असतं. आणि बाबांचं जेवण वेगळं करू नका हो, सगळ्यांचंच कमी करा, काही आठवड्यांत जिभेला सवय होते.

मुग्धा२२

सगळ्यांना थँक्यू. फिजिओताई, तुम्ही म्हणालात तसं बघितलं, ताटाची डावी बाजू खरंच तशीच राहते आणि आई समजत होती की ते पदार्थ त्यांना आवडत नाहीयेत!! डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीये. वही दिली त्यांच्याकडे, पहिल्या दिवशी बाजूला टाकली, काल स्वतः मशीन मागितलं. सिगरेटचं अजून काही बोललेच नाहीये. एक विचारायचं राहिलं, ते गाडी चालवायची म्हणून मागे लागलेत, चावी कुठे ठेवू?

फिजिओताई

चावी त्यांना सापडणार नाही अशा ठिकाणी, आणि "डॉक्टर तपासून हो म्हणेपर्यंत नाही" हे वाक्य डॉक्टरांच्याच तोंडून त्यांना ऐकव, तू वाईट होऊ नकोस. डाव्या बाजूचं भान नसताना गाडी म्हणजे रस्त्यावरच्या बाकीच्यांना पण धोका. गोळ्यांचा डबा, फोन, पाण्याची बाटली सध्या उजवीकडे ठेव, पण गप्पा मारायला मात्र त्यांच्या डावीकडे बस, म्हणजे मान तिकडे वळवावी लागते.

आणि आईला हे पाठ करायला लाव: अचानक तोंड वाकडं, एक हात गळून पडला, बोलणं अडखळलं, तोल गेला, किंवा एकदम दिसेनासं झालं, तर घड्याळ बघायचं आणि थेट अ‍ॅम्ब्युलन्स. आधी तुला फोन करत बसायचं नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि ते तास माणूस शेवटचा ठीक दिसला तिथून मोजतात.