मदत हवी आहे: जाळीच्या विणीत काही भोकं बुजतात, टाकेही कमी-जास्त होतात

मंडळी, विणकामात नवी आहे. सुलट-उलट बऱ्यापैकी जमतंय, पण जाळीच्या विणीपाशी घोडं अडलंय.

ग्वाल्हेरची थंडी पडायच्या आत आजीसाठी मफलर करायचाय. तिला गळ्याभोवती जड काही सोसत नाही, म्हणून जाळीच हवी. बाड्यावरून (इथल्या बाजारातून) लोकर आणली, सुया ८ नंबरच्या. टाके २६. दोन्ही कडांना दोन-दोन सुलट, मधे ‘लोकर पुढे, दोन टाके एकत्र सुलट’. परतीच्या ओळीत कडा सुलट, बाकी सगळे उलट.

काही भोकं छान उघडी राहतात, त्याच ओळीतली काही पार बुजतात, नुसता पीळ दिसतो. मोजले तर कधी २५, कधी २७. शेजारच्या भाभींचा हात इतका भरभर चालतो, की लोकर पुढे कधी आली ते कळतच नाही.

शिवाय पुढच्या नमुन्यात दोन उलट टाक्यांमधे जाळी आहे. तिथे लोकर आधीच पुढे असते, मग काय करायचं? आणि एखाद्या ठिकाणी जाळी घ्यायची राहून गेली, तर न उसवता दुरुस्त होते का? लोकर केसाळ आहे, उसवली की गुंतते.

प्रतिसाद १
अगं, पीळ दिसतोय म्हणजे वेढा (‘लोकर पुढे’ घेतल्यावर सुईवर पडणारा लोकरीचा फेरा) उलट्या दिशेने पडतोय. लोकर दोन सुयांच्या मधून पुढे आण, तिथेच राहू दे आणि दोन टाके एकत्र वीण. ती आपसूक उजव्या सुईवरून मागे जाते. परतताना वेढ्याची उजवी बाजू सुईच्या पुढे हवी. मागे असेल तर तेवढा टाका मागच्या बाजूने वीण, भोक उघडं राहील.
दोन उलट टाक्यांमधे मात्र पूर्ण वेढा: लोकर सुईवरून मागे ने, सुयांमधून परत पुढे आण.

प्रतिसाद २
जाळीने एक टाका वाढतो, ‘दोन एकत्र’ने एक घटतो, म्हणून २६ कायम. २५ म्हणजे बहुतेक वेढा निसटला. २७ आले तर परतीच्या ओळीची अखेर बघ: उलट टाके संपून कडेचे सुलट सुरू करताना लोकर मागे न्यायची राहिली, की फुकटचा वेढा पडतो.
उसवू नकोस. परतताना सुटलेल्या जागी पोचलीस, की दोन टाक्यांमधली आडवी लोकर डाव्या सुईने पुढून मागे उचल आणि साधा उलट टाका वीण. भोक जरा लहान पडेल. आणि सुटलेली जागा वेळीच कळावी म्हणून टाके जाळीची ओळ संपल्यावर लगेच मोजत जा.

धागाकर्ती
आडवी लोकर उचलून पाहिली, जमलं! उलट टाक्यांमधलं भोक मात्र जरा मोठं येतंय. तिथे वेढ्याला जास्त लोकर जाते म्हणून का? हात आवळू की सुई बारीक घेऊ?