कॅन्सरच्या उपचारासाठी ऑनलाइन मदत: आधी मागायची की शेवटी?

रेवा
निदान झालं की आठवडाभरात मिलाप, केटो किंवा इम्पॅक्टगुरू अशा लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या साइटवर आवाहनाचं पान तयार होतं, आणि सरकारी योजनेची चौकशी त्यानंतर सुरू होते. हा क्रम चुकीचा आहे आणि घराला तो फार महागात पडतो. महाराष्ट्र सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत 2024 पासून रेशनकार्डाचा रंग आड येत नाही. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे. पण योजना कॅशलेस आहे. अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयात आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनीसाकडे, नोंद, पूर्वमंजुरी आणि मगच उपचार. घाईत दोन केमो रोखीने घेतल्या तर ते पैसे योजनेतून परत मिळत नाहीत.

रुग्णालय योजनेत नसेल तर ते ट्रस्टचं आहे का, ते पाहा. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1.80 लाख आणि 3.60 लाख. तहसीलदाराचा दाखला पहिल्याच दिवशी काढायला टाका. एवढं करून जे उरेल, तेवढंच लोकांकडे मागावं.

निखिल
मला हे अजिबात पटत नाही. योजनेत पॅकेजं ठरलेली आहेत. टार्गेटेड (नेमक्या कर्करोगपेशींवर मारा करणारी) आणि इम्युनोथेरपीची (शरीराची प्रतिकारशक्ती वापरणारी) बरीच औषधं त्यांत बसत नाहीत. 2023 मध्ये मंजुरी मिळालेली नेक्सकार-19 सारखी कार-टी थेरपी (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कर्करोगावर सोडणं) घ्यायची तर 5 लाख कुठे पुरणार? रक्ताचा झपाट्याने वाढणारा (अॅक्यूट) कर्करोग असेल तर उपचार काही दिवसांत सुरू व्हावे लागतात, दाखल्याची वाट पाहत बसता येत नाही. शिवाय अनोळखी माणूस रिकाम्या पानावर पैसे टाकत नाही. आधी नातेवाईक, कचेरीतले सहकारी, शाळेचा ग्रुप यांच्याकडून थोडी रक्कम जमावी लागते, आणि त्यात वेळ जातो. म्हणून पान पहिल्या दिवशीच उघडा, योजनेचं काम शेजारी चालू द्या.

सदा
दोघांचंही एका गोष्टीकडे लक्ष नाही: मागायचा आकडा येतो कुठून? रुग्णालयाच्या लेटरहेडवरचं एस्टिमेट (खर्चाचा अंदाज) जसंच्या तसं पानावर चढवलं जातं, आणि खरी गडबड तिथेच असते.

ट्रॅस्टुझुमॅबचं, म्हणजे काही प्रकारच्या स्तनाच्या कॅन्सरवर देतात त्या इंजेक्शनचं, उदाहरण घ्या. 60 किलो वजनाच्या रुग्णाला पहिला डोस 480 मिग्रॅ, मग दर 21 दिवसांनी 360. वर्षाचे 18 डोस. एस्टिमेटमध्ये पहिल्याला दोन आणि नंतर प्रत्येकी एक, अशा 440 मिग्रॅच्या 19 व्हायल (कुप्या) धरतात. सोबत येणाऱ्या बॅक्टेरिओस्टॅटिक (जंतूंची वाढ रोखणाऱ्या) पाण्यात विरघळवलेली व्हायल 2 ते 8 अंशांत 28 दिवस चालते, म्हणजे उरलेलं औषध पुढच्या डोसला वापरता येतं. रुग्णालयाच्या फार्मसीने ती नीट सांभाळली तर 16 व्हायलमध्ये काम होतं. तेव्हा आधी फार्मसीला हे विचारा आणि एस्टिमेट ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ नावाने मागा. भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं) बरंच स्वस्त पडतं. आकडाही टप्प्याने लावा: आधी शस्त्रक्रिया आणि पहिले तीन महिने, पुढचं नंतर.

निखिल
व्हायलचा मुद्दा मान्य. पण उघडलेली व्हायल तीन आठवडे सांभाळायला किती रुग्णालयं तयार होतात? लेखी होकार नसेल तर 19 च धरा. अर्ध्या उपचारात पैसे संपणं जास्त वाईट.

जुई
हातात येणारी रक्कमही आधीच मोजा. मिलाप किंवा केटोवर 'शून्य शुल्क' दिसलं तरी गेटवेचे (ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या सेवेचे) पैसे कापले जातात. समजा ते 2.5 टक्के आहेत: 5 लाखांवर 12,500, त्यावर 18 टक्के जीएसटी 2,250, म्हणजे 14,750 गेले. साइटसाठीची टिप वेगळी, ती आधीच निवडलेली असते आणि देणाऱ्याला शून्य करता येते, पण बऱ्याच जणांना ते दिसतच नाही. कुठे कुठे जाहिरातीचा खर्चही जमलेल्या पैशांतून वळता करतात, तेव्हा करार वाचून सही करा. एका व्यक्तीसाठी दिलेल्या मदतीवर देणाऱ्याला 80-जीची (आयकरातली) सूट नसते; नोंदणीकृत ट्रस्टची पावती असेल तरच ती मिळते.

आणि केस गेलेल्या मुलाचा रडतानाचा फोटो लावू नका. उपचार संपले तरी तो शोधात सापडत राहतो. मूल मोठं होऊन शाळा-कॉलेजात जाणार आहे.

निखिल
चेहऱ्याशिवाय पैसे येत नाहीत, हे कटू असलं तरी खरं आहे.

रेवा
चेहरा दाखवा, हाल दाखवू नका. भरवसा बसवायला बायोप्सी रिपोर्ट (पत्ता, आधार क्रमांक झाकून), डॉक्टरांचं पत्र आणि दर पंधरा दिवसांनी बिलाचा फोटो पुरतो. पैसे घरच्या खात्यात घेऊ नका, थेट रुग्णालयाच्या खात्यात जाऊ द्या. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळून 50,000 च्या वर आले तर ती सगळी रक्कम कराच्या हिशेबात येऊ शकते. शिवाय फोटो चोरून, स्वतःचा क्यूआर कोड चिकटवून तीच हाक व्हॉट्सअॅपवर फिरवणारेही आहेत. म्हणून मेसेजमध्ये क्यूआर कधीच टाकू नका, फक्त पानाची लिंक द्या.

सदा
आणि पैसे उरले किंवा रुग्ण दगावला तर शिल्लक कुणाची, हे पान उघडतानाच त्यावर लिहा. प्लॅटफॉर्मलाही ईमेलने कळवून ठेवा. तेराव्याच्या आधी हा वाद घरात आणू नये.