तातडीने मदत हवी: बाबांच्या नव्या फोनला वायरचा हेडफोन चालत नाहीये

मधुरा_प्रतापनगर
बाबांना (वय ७४) मागच्या आठवड्यात नवा फोन घेतला. त्याला हेडफोनचं गोल भोकच नाही. म्हणून नागपूरच्या बर्डीवरून, मोदी नंबर ३ या गल्लीतून, चार्जिंगच्या भोकात बसणारा १५० रुपयांचा सी-टाइप कनेक्टर आणला. लावला तरी आवाज फोनच्या स्पीकरमधूनच येतो. माझ्या फोनवर तोच कनेक्टर, तोच हेडफोन नीट चालतो. दुकानदार परत घेत नाही, पाकीट फोडलं म्हणतो. मी रविवारी रात्रीच्या गाडीने पुण्याला निघणार, त्याच्या आत हे मार्गी लागायला हवं. कृपा करून ब्लूटूथ घ्या असं सांगू नका.

संत्रानगरी_रायडर
ताई, ब्लूटूथ नेकबँडच घ्या. गळ्यात राहतो, हरवत नाही. माझ्या वडिलांना दोन वर्षं झाली, एकदाही तक्रार नाही.

मधुरा_प्रतापनगर
वर स्पष्ट लिहिलंय. बाबांच्या हाताला कंप आहे, बारीक बटणं दाबता येत नाहीत. त्यांना त्यांचा जुना मोठा हेडफोनच हवा. स्पंज फाटला तेव्हा आईने धोतराचं फडकं कापून दोन्ही कानांना शिवून दिलंय. तो सोडून ते दुसरं काही लावणार नाहीत.

तारजोड
कनेक्टर लावल्यावर पडद्यावर काही येतं का? आणि फोन कोणता?

मधुरा_प्रतापनगर
कंपनीचं नाव लिहीत नाही, मग धागा त्याच भांडणात जातो. पडद्यावर एक ओळ येते आणि जाते. आत्ता परत लावून बघितलं: 'अ‍ॅनालॉग ऑडिओ अ‍ॅक्सेसरी डिटेक्टेड', आणि खाली हे उपकरण या फोनला चालणार नाही अशा अर्थाचं इंग्रजी.

तारजोड
मग उत्तर त्या ओळीतच आहे. फोनच्या आत गाणं आकड्यांच्या रूपात असतं. त्याचा कानाला ऐकू येणारा आवाज करायला एक चिप लागते, तिला डीएसी म्हणतात. तुमचा फोन स्वतःच्या चिपमधून तयार आवाज सी-टाइपच्या पिनांवर सोडतो, म्हणून तिथे १५० चा कनेक्टर चालतो. त्याच्या पोटात नुसत्या तारा आहेत. बाबांचा फोन पिनांवर फक्त आकडे सोडतो, म्हणून चिप कनेक्टरमध्येच असावी लागते. पाकिटावर 'डीएसी' छापलेला कनेक्टर घ्या आणि फोन सोबत नेऊन दुकानातच लावून बघा.

गॅजेट_गुरू_४४००१०
एवढं काही लागत नाही. सेटिंगमध्ये ओटीजी (फोनला बाहेरचं उपकरण जोडायची सोय) चालू करा, लगेच चालेल. माझ्या फोनला असंच झालं होतं.

तारजोड
तुमचा कनेक्टर डीएसीवाला असणार. काही फोनांत ओटीजीचं बटण वेगळं असतं आणि दहा मिनिटं काही जोडलं नाही की ते आपोआप बंद होतं, हे खरं. पण नुसत्या तारांच्या कनेक्टरला ओटीजीने काही फरक पडत नाही.

गॅजेट_गुरू_४४००१०
मी स्वतः करून बघितलंय म्हणून सांगतोय. करून बघायला काय जातं?

मधुरा_प्रतापनगर
केलं. ओटीजी चालू आहे. तीच ओळ येते.

इतवारीचा_भाऊ
नवीन फोन हाय ना? मग उन्हाळ्यात चार्जिंगले लावताना कव्हर काढा. मागच्या मे महिन्यात माह्या फोनचं चार्जिंग दुपारी थांबूनच जाय. मले वाटलं चार्जर गेला. तसं नव्हतं, फोन तापला की तो बॅटरी वाचवाले सोताच चार्जिंग कमी करते. आता खिडकीपासून लांब, फरशीवर ठेवतो. कूलरच्या तोंडापुढं ठेवू नका, ओलावा आत जाते.

मधुरा_प्रतापनगर
धन्यवाद दादा, पण प्रश्न हेडफोनचा आहे. @तारजोड, उद्या सकाळी बर्डीला जाते. डीएसीवाला आणला की रेडिओ लागेल ना?

तारजोड
थांबा. रेडिओ? कुठला रेडिओ? हे आधी का नाही सांगितलं?

मधुरा_प्रतापनगर
हेडफोन आणखी कशाला लागणार? बाबा रोज आकाशवाणी ऐकतात. सकाळी नागपूरच्या बातम्या, दुपारी १००.६ वर विविध भारती. जुन्या फोनात हेडफोन लावला की रेडिओ सुरू व्हायचा.

जुना_रेडिओवाला
बाई, मग तो कनेक्टर आणू नका, आणखी पैसे जातील. फोनातल्या एफएमला अँटेना नसते, हेडफोनची वायर हीच अँटेना. म्हणून तर वायर काढली की जुना फोन 'हेडफोन जोडा' म्हणायचा. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण तीन मीटर, तिचा पाव हिस्सा पाऊण मीटर, अँटेनाला तेवढी लांबी पुरते आणि हेडफोनची वायर सहज तेवढी असते. डीएसीवाल्या कनेक्टरमध्ये वायर त्या छोट्या चिपपाशी संपते, फोनातल्या रेडिओपर्यंत पोचतच नाही. गाणी वाजतील, फोन ऐकू येतील, रेडिओ लागणार नाही. आणि आधी बघा, नव्या फोनात एफएमचं अ‍ॅप आहे तरी का?

मधुरा_प्रतापनगर
नाही. आख्खा फोन शोधला.

गॅजेट_गुरू_४४००१०
सरकारने तर एफएम सक्तीचं केलंय.

जुना_रेडिओवाला
सक्ती नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने कंपन्यांना सूचना दिली होती की फोनात एफएमची सोय असेल तर ती बंद ठेवू नका.

संत्रानगरी_रायडर
न्यूज ऑन एअर अ‍ॅप टाका ना. आकाशवाणीची केंद्रं इंटरनेटवर लागतात, अँटेनाची भानगडच नाही. आणि नेकबँडही चालेल.

मधुरा_प्रतापनगर
अ‍ॅपचं मी बाबांना म्हटलं होतं. ते म्हणाले, लाइन (वीज) गेली की वायफाय जातं, आणि लाइन गेल्यावरच तर रेडिओ लागतो. गेल्या उन्हाळ्यात रात्री दोन तास लाइन नव्हती. आई आणि ते गच्चीवर बसून एक-एक कान वाटून ऐकत होते.

जुना_रेडिओवाला
जुन्या फोनाचं काय केलंत?

मधुरा_प्रतापनगर
कपाटात आहे. काच तडकलीय, सिम काढलं.

जुना_रेडिओवाला
एफएमला सिमही लागत नाही आणि इंटरनेटही. चार्ज करा, हेडफोन लावा, लावून द्या. फक्त आधी मागचं कव्हर काढून सपाट टेबलावर ठेवा. फोन डुलला किंवा भिंगरीसारखा फिरला तर बॅटरी फुगलीय, चार्जिंगला लावूच नका. काचेवर पारदर्शक टेप मारा, बोट कापायला नको.

इतवारीचा_भाऊ
बॅटरी गेली असंल तर पेन्सिल सेलचा छोटा रेडिओ घेऊन द्या. महाल भागात भेटते.

मधुरा_प्रतापनगर
टेबलावर ठेवून बघितला, डुलत नाही, सपाट बसतो. तास-दीड तास चार्ज केला. विमान मोड लावला, म्हणजे बॅटरी टिकेल. टेप मारली. हेडफोन लावला, १००.६ लागलं. गच्चीवर एकदम स्वच्छ, हॉलमध्ये जरा खरखर होती, वायर सरळ सोडल्यावर गेली. रेडिओच्या चिन्हाशिवाय बाकी सगळी चिन्हं पहिल्या पडद्यावरून काढून टाकली. बाबांनी तीनदा स्वतः लावून, बंद करून बघितलं.

@तारजोड, डीएसीवाला कनेक्टर तरीही घेतेय. नव्या फोनवर माझा व्हिडिओ कॉल आला की त्यांना हाच हेडफोन हवाय.

तारजोड
घ्या. दुकानातून निघायच्या आधी एक फोन लावून बघा, हेडफोनला माइक नसेल तर बोलणं फोनच्याच माइकमधून जायला हवं. सगळ्या कनेक्टरांना ते जमत नाही.