केक्कोनेन: फिनलंडला तारणारा की फिनलंडच्या मानेवर बसलेला?

उंबरठा (धागाकर्ता)

उर्हो केक्कोनेन १९५६ पासून १९८२ च्या जानेवारीपर्यंत फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष होते. जवळजवळ सव्वीस वर्षं, आणि तीही निवडणुका होणाऱ्या देशात. पहिली निवडणूक ते जेमतेम जिंकले: ३०० निर्वाचकांपैकी १५१ मतं त्यांना, १४९ सोशल डेमोक्रॅट फागरहोल्मना. १९७८ मध्ये त्याच ३०० पैकी २५९ मिळाली, कारण डावे-उजवे सगळे मोठे पक्ष त्यांच्यामागे येऊन उभे राहिले होते.

माझा आक्षेप १९७३ ला आहे. त्या जानेवारीत संसदेने खास कायदा करून त्यांची मुदत चार वर्षांनी वाढवली. १७० विरुद्ध २८. निवडणूकच नाही! ना युद्ध चालू होतं, ना कोणी सीमेवर आलं होतं. कारण सांगितलं गेलं युरोपीय आर्थिक समुदायाशी होणाऱ्या व्यापार कराराचं, की तो मॉस्कोच्या गळी उतरवणं केक्कोनेननाच जमेल. १९५८ आणि १९६१ ची मॉस्कोशी झालेली संकटं मी त्यांना माफ करायला तयार आहे. १९७३ नाही. तुम्हाला काय वाटतं?

हिमरेषा

साफ असहमत. नकाशा उघडा आधी. रशियाशी तेराशे किलोमीटरची सीमा. १९३९ ते ४४ दरम्यान दोन युद्धं हरलेला देश, कारेलिया हा पूर्वेकडचा प्रांत गेलेला, चार लाखांवर माणसं घरदार सोडून आलेली. १९३८ च्या किमतींनी तीस कोटी डॉलरची भरपाई १९५२ पर्यंत फेडली. हेलसिंकीच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर पोर्क्कला इथे सोव्हिएत लष्करी तळ होता, तो १९५६ च्या जानेवारीत परत मिळाला. शपथ घेताना केक्कोनेनसमोर हे सगळं होतं.

आता हिशोब बघा. १९६१ मध्ये एफ्टाशी, म्हणजे युरोपीय मुक्त व्यापार संघाशी, संलग्नता. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये तो आर्थिक समुदायाचा करार, सही झालीच. १९७५ मध्ये हेलसिंकीत ३५ देशांचे नेते एका टेबलावर. आणि १९७८ मध्ये सोव्हिएत संरक्षणमंत्री उस्तिनोव्ह यांनी संयुक्त लष्करी सरावाची कल्पना मांडली, तेव्हा फिनलंडने ती गोडीगुलाबीने बाजूला सारली. सोव्हिएत रणगाडे घुसले तेव्हा हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियाचं काय झालं ते आठवून मग आक्षेप घ्या.

तिरपी रेघ

हिमरेषा, तुम्ही आधीचे अध्यक्ष पासिकिवी यांचं श्रेय केक्कोनेनच्या खात्यावर जमा करताय. मॉस्कोशी झालेला १९४८ चा मैत्री करार पासिकिवींच्या काळातला. पोर्क्कला परत देण्याचं ठरलं १९५५ मध्ये, तेव्हाही अध्यक्ष तेच. वाट त्यांनी घातली, केक्कोनेन तिच्यावर टोलनाका टाकून बसले.

आणि उंबरठा, १९५८ इतक्या सहज माफ करू नका. त्या वर्षी कम्युनिस्टांच्या आघाडीला २०० पैकी ५० जागा मिळाल्या, सर्वांत मोठा गट. तरी त्यांना बाहेर ठेवून फागरहोल्मनी पाच पक्षांचं सरकार बनवलं. मॉस्कोने राजदूत परत बोलावला, व्यापाराची बोलणी थांबवली. अध्यक्षाने अशा वेळी आपल्या सरकारमागे उभं राहायचं असतं. हे मात्र हात बांधून बघत राहिले. डिसेंबरात सरकार पडलं, जानेवारीत साहेब लेनिनग्राडला जाऊन सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना भेटले आणि सगळं सुरळीत. मॉस्कोची नाराजी घरच्या राजकारणात कशी वापरायची, हा धडा तिथेच पक्का झाला.

१९६१ ची गोष्ट त्याचीच पुढची पायरी. ओलावी होंका या माजी न्यायाधिकाऱ्यामागे सोशल डेमोक्रॅटांपासून उजव्यांपर्यंत सगळे विरोधक एकवटले. ३० ऑक्टोबरला मॉस्कोचं पत्र आलं: पश्चिम जर्मनीच्या धोक्यामुळे १९४८ च्या करारानुसार लष्करी सल्लामसलत करू या. केक्कोनेन तेव्हा अमेरिका दौऱ्यात, हवाईत होते. दौरा अर्धवट टाकला नाही. परत येऊन संसद विसर्जित केली आणि नोव्होसिबिर्स्कला ख्रुश्चेव्हना गाठलं. होंकांनी माघार घेतली, पत्राची निकड ओसरली. योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा.

हिमरेषा

बर्लिनची भिंत त्याच ऑगस्टमध्ये उभी राहिली होती. मॉस्कोला तेव्हा जर्मनीची धास्ती खरोखरच होती. प्रत्येक पत्र केक्कोनेनच्या सोयीसाठी लिहिलं गेलं असं समजणं म्हणजे ख्रुश्चेव्हना त्यांचा प्रचारप्रमुख करून टाकणं.

गोदाकाठ

दोघंही माणसाला बाजूला ठेवून भांडताय. हा जन्मजात रशियामित्र नव्हताच. १९१८ च्या यादवीत तो श्वेत सैन्यात, कम्युनिस्टांच्या विरुद्ध. हामिना इथे गोळ्या घालणाऱ्या तुकडीचं नेतृत्व त्याने केलं, आणि ते पुढे स्वतः मान्य केलं. मग गुप्त पोलिसात नोकरी. १९३८ मध्ये गृहमंत्री म्हणून फॅसिस्ट पक्षावर बंदी घालायला गेला, न्यायालयाने हाणून पाडलं. १९४० मध्ये मॉस्कोशी तह करायलाही विरोध केला होता. १९४४ नंतर मात्र न्यायमंत्री म्हणून युद्धकाळातल्या आपल्याच नेत्यांवरचे खटले त्याच्या हातून उभे राहिले. कोणी याला शहाणपण म्हणेल, कोणी वारा बघून शीड फिरवणं. मला दोन्ही दिसतं.

अवांतर: उंच उडीत १९२४ चा राष्ट्रीय विजेता. आणि प्रचारात त्याचा जन्म गरिबाच्या, धुराडं नसलेल्या झोपडीतला वाटावा म्हणून घराच्या फोटोतलं धुराडं पुसून टाकलं होतं! प्रतिमेची इतकी काळजी घेणाऱ्याला १९७३ चा खास कायदा 'जनतेच्या आग्रहाखातर' वाटला असणारच.

पाणचक्की

१९७६ मध्ये आपल्याकडे लोकसभेची मुदत अशीच वाढवली होती. मग केक्कोनेनना वेगळी फूटपट्टी का?

हिमरेषा

कारण फिनलंडमध्ये कोणाला रात्रीतून उचलून तुरुंगात टाकलं नव्हतं, विरोधी वर्तमानपत्रं रोज निघत होती. संसदेत २८ जणांनी विरोधात मत दिलं आणि ते घरी जाऊन निवांत झोपले. आणीबाणीवर नवीन धागा काढा.

तिरपी रेघ

वर्तमानपत्रं निघत होती, पण संपादक लिहिण्याआधीच कात्री चालवत होते. रशियाबद्दल काय छापायचं नाही हे कोणाला सांगावं लागत नव्हतं. सोव्हिएत सीमा ओलांडून आलेल्यांना परत सोपवलं जाई. तुरुंगापेक्षा ही गोष्ट मला जास्त खोल वाटते, कारण तिला आदेशाची गरज पडत नाही. आणि भावी मंत्र्यांचे सोव्हिएत दूतावासातल्या माणसाशी घरगुती संबंध असणं ही तर पात्रताच होऊन बसली होती.

सावळी

मॉस्कोपुढे नुसतं झुकण्याची ही गोष्ट नाही, म्हणून एक वेगळा प्रसंग. मार्च १९६४ मध्ये केक्कोनेन सोव्हिएत एस्टोनियात गेले आणि तार्तू विद्यापीठात चक्क एस्टोनियन भाषेत बोलले. रशियनीकरणाखाली दबलेल्या लोकांसमोर एका परदेशी राष्ट्राध्यक्षाने त्यांच्या भाषेत उभं राहून भाषण करणं! पुढच्या वर्षी हेलसिंकी ते एस्टोनियाची राजधानी तालिन अशी बोट सुरू झाली. त्या बोटीने आलेले फिनिश प्रवासी आणि तालिनमध्ये दिसणारा फिनिश टीव्ही यांनी एस्टोनियाला बाहेरचं जग दाखवलं. ख्रुश्चेव्हशी सौनात, म्हणजे फिनिश बाष्पस्नानगृहात, रात्र जागवणाऱ्या माणसालाच हे करू दिलं गेलं असतं. कडक भाषणं ठोकणाऱ्याला तार्तूचा व्हिसा मिळाला नसता.

उंबरठा

सावळी, मुद्दा पटतो, तरी १९७३ सुटत नाही. तार्तूचं भाषण १९६४ चं, म्हणजे रीतसर निवडून आल्यावरचं. त्यासाठी निवडणूक टाळावी लागली नव्हती. व्यापार करारही दुसरा कोणी अध्यक्ष झाला असता तर पुढे सरकलाच नसता, हे कोणी सिद्ध केलेलं नाही. केक्कोनेननी ते गृहीत धरायला लावलं. ख्रुश्चेव्हनंतरचे सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांच्याशी रशियात झावीदोव्होत झालेल्या बोलण्याचं टिपण १९७२ मध्ये फुटलं, तर साहेब रुसून 'मग मी नाहीच' म्हणाले, आणि संसद धावत गेली.

फिनिश लोकांनी नंतर काय केलं बघा. १९९१ मध्ये सलग दोनच मुदतींची मर्यादा घातली. १९९४ पासून अध्यक्षाची थेट निवडणूक. २००० च्या राज्यघटनेत अधिकार आणखी कापले. ज्याला देशाचा तारणहार म्हणता, त्याच्यासारखा पुन्हा कोणी होऊ नये याची एवढी तजवीज?

हिमरेषा

तजवीज शांततेत, संसदेतून, एक काचही न फुटता झाली ना? संस्था शाबूत होत्या म्हणूनच.

तिरपी रेघ

संस्था शाबूत राहिल्या, पण त्यांच्यामुळे नव्हे. १९८१ च्या वसंतात केक्कोनेननी पंतप्रधान कोइविस्तोंना घालवायचा प्रयत्न केला, जसं ते आधीच्या पंतप्रधानांना घालवत. कोइविस्तो हलले नाहीत. सरकार संसदेला जबाबदार आहे, तिचा विश्वास असेपर्यंत मी इथेच, एवढंच त्यांचं म्हणणं. पंचवीस वर्षांत हे कोणी केलं नव्हतं. त्याच शरद ऋतूत आजारी केक्कोनेननी राजीनामा दिला आणि जानेवारी १९८२ मध्ये कोइविस्तो अध्यक्ष झाले.