मदत हवी आहे: स्टुडिओच्या संगणकासाठी जुने रेड (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) कार्ड घ्यावे की लिनक्सचे सॉफ्टवेअर रेड वापरावे?

नमस्कार. तालुक्याच्या गावी माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. गेल्या लग्नसराईत संगणकातली एकुलती एक हार्ड डिस्क टक् टक् आवाज करू लागली आणि दुसऱ्या दिवशी ती दिसेनाशीच झाली. एका लग्नाचे सगळे फोटो तिच्यात होते, आणि नवरीची आजी त्यानंतर महिन्याभरात वारली. त्या घरी जाऊन फोटो गेल्याचे सांगणे फार जड गेले.

आता एका जुन्या संगणकात लिनक्स टाकून 4 टीबीच्या दोन डिस्क रेड 1 मध्ये, म्हणजे दोन्हींवर तीच प्रत राहील अशा, जोडायच्या आहेत. डिस्कचा खर्च सोडून हातात सहा हजार रुपये आहेत. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून जाते हे ठाऊक असल्यामुळे वेगळी प्रत घरी ठेवतोच.

दुकानदाराने जुन्या सर्व्हरमधले रेड कार्ड पाहायला दिले आहे. त्यावर स्वतंत्र प्रोसेसर आणि कॅशे (लिहायची माहिती तात्पुरती धरणारी मेमरी) आहे, पण बॅटरी फुगलेली आहे. वीज गेली की कॅशेतली माहिती जाते, म्हणून बॅटरीशिवाय लिहिण्याची कॅशे चालू ठेवणे धोक्याचे, आणि ती बंद केली तर रेड 1 मध्ये, जिथे पॅरिटीचे (गेलेली माहिती पुन्हा काढता यावी म्हणून करायचे) गणितच नसते, कार्डाचा फारसा उपयोग उरत नाही. शिवाय कार्ड बिघडले तर त्याच जातीचे दुसरे शोधत फिरावे लागेल. उलट एमडीएडीएमची (लिनक्समधले सॉफ्टवेअर रेड सांभाळणारे साधन) माहिती डिस्कवरच असते, त्यामुळे डिस्क दुसऱ्या लिनक्स संगणकाला लावूनही जुळणी उभी करता येते. मदरबोर्डच्या बायोसमधला (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधला) रेड मी बाजूला ठेवला आहे, कारण तिथेही खरे काम ड्रायव्हर आणि मुख्य प्रोसेसरच करतात.

म्हणून माझा कल सॉफ्टवेअर रेडकडे आहे आणि कार्डाचे पैसे यूपीएसमध्ये घालावेत असे वाटते. अडचण विजेची आहे. आमच्याकडे ती दिवसातून दोन-तीनदा जाते, आणि संगणक अचानक बंद पडल्यावर संपूर्ण 4 टीबीची जुळवणी (दोन्ही डिस्क पुन्हा सारख्या करणे) सेकंदाला 150 एमबी वेगानेही सात तासांहून अधिक चालेल. बिटमॅप (कोणत्या भागात लिहिणे चालू होते याची नोंद) ठेवला तर फक्त अर्धवट लिहिलेले भागच पुन्हा जुळवले जातात, असे वाचले; पण एका लग्नाच्या दोन-तीन हजार रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ, मोठ्या) फाइल उतरवताना त्याने वेग जाणवण्याइतका कमी होतो का? तसेच, स्वस्तातल्या एसएमआर डिस्क (माहितीचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या, त्यामुळे पुन्हा लिहिताना मंदावणाऱ्या) रेड 1 मध्ये कोणी वापरल्या असतील, तर एक डिस्क बदलल्यावर नव्या डिस्कवर प्रत तयार व्हायला प्रत्यक्षात किती वेळ लागला?

कार्ड शनिवारपर्यंत परत करता येईल, त्याआधी अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.